थोडे, पण रोज : सात नंबरच्या मागाने शिकविलेला हिशेब

मालेगावात गुरुवारची संध्याकाळ म्हणजे हिशेबाची संध्याकाळ. शुक्रवारी माग बंद, म्हणून आठवड्याची मजुरी गुरुवारी वाटायची. कारागीर गल्ल्यासमोर येऊन उभा राहतो. विणलेले मीटर मोजले जातात, दराने गुणले जातात, घेतलेली उचल वजा होते. सर्वांत शेवटी आणखी एक वजाबाकी होते, ती डागी कापडाची. या वजाबाकीविषयी कोणी फारसे बोलत नाही. कापड बिघडले, व्यापाऱ्याने भाव पाडला, तेव्हा तो तोटा कोणाच्या तरी नावावर टाकलाच पाहिजे, असे मालक धरून चालतो. कारागीरही मान खाली घालून उरलेले पैसे खिशात घालतो.

आमच्या घरच्या बारा मागांच्या कारखान्यातही वर्षानुवर्षे असेच चालत असे. आज आम्ही वाचकांसमोर जो विषय मांडणार आहोत तो रोजच्या लहान सुधारणेचा आणि त्यातून जडणाऱ्या चांगल्या सवयीचा आहे. परंतु या विषयाची किंमत आम्हांस पुस्तकातून कळली नाही. ती कळली आमच्याच कारखान्यातील सात नंबरच्या मागावरून, आणि त्यासाठी आमच्याच हातून घडलेला एक अन्याय कबूल करावा लागला. म्हणून आधी ती हकीकत.

भिंतीवरचा कागद

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा कॉलेजात शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत एका व्यापाऱ्याने आमचे तागे परत पाठविले. कापडात जागोजागी ताण्याचे धागे तुटलेले, कुठे जाळी पडलेली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी आम्हांस कारखान्यावर बसविले आणि म्हणाले, “कोण काम बिघडवतो ते बघ.”

आमच्याकडे एक वयस्कर कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. डागी कापडाची सर्वांत जास्त कटौती त्यांच्याच नावावर पडे. वय झाले, नजर कमी झाली, हात मंदावला, असे कारखान्यात उघड बोलले जाई. त्यांच्याकडे सहा माग होते, त्यांत सात नंबरचाही होता. आम्हीही मनाशी ठरवूनच बसलो होतो की दोष चाचांचा आहे, फक्त पुरावा गोळा करावयाचा आहे.

आम्ही जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून प्रत्येक मागाजवळ दोरीने टांगली आणि सोबत पेन्सिल बांधली. माग बंद पडला की कारागिराने एक रेघ ओढायची, बस एवढेच. पहिल्या आठवड्यात बाराही कागद जवळजवळ कोरे राहिले. माग तर डोळ्यांदेखत बंद पडत होते. पण रेघ ओढावयास कोणी तयार नव्हते. कारण उघड होते. गुरुवारी हाच कागद कटौतीसाठी पुढे येणार, असे प्रत्येकास वाटत होते.

वडिलांच्या ते लक्षात आले. त्या गुरुवारी त्यांनी कोणाचीही कटौती केली नाही आणि सर्वांसमोर सांगितले, “या कागदावरून कोणाचा एक पैसा कापणार नाही. रेघ खरी ओढा.” त्यानंतर रेघा दिसू लागल्या. पंधरा दिवसांनी आम्ही बारा कागद ओळीने जमिनीवर मांडले. सात नंबरच्या मागावर इतर कोणत्याही मागाच्या कितीतरी पट रेघा होत्या. आणि त्या केवळ चाचांच्या दिवसपाळीत नव्हत्या. रात्रपाळीच्या तरुण कारागिराच्या रेघाही तितक्याच होत्या!

जॉबरने सात नंबर उघडला. पिकर, म्हणजे धोट्याला धक्का देणारा तो लहानसा तुकडा, एका बाजूने झिजून खड्डा पडलेला होता. त्यामुळे धोटा सरळ न जाता वाकडा धावे, मध्येच ताण्यात अडके आणि एकदम अनेक धागे तोडी. रात्री तरुण हात भरभर धागे जोडून ते झाकून नेत. चाचांना तेवढी घाई जमत नव्हती, म्हणून डाग त्यांच्या कापडात दिसे. एका स्वस्त सुट्या भागाचा दोष आम्ही महिनोन् महिने एका गरीब माणसाच्या मजुरीतून वसूल करीत होतो.

चाचांचे पुढे काय झाले ते आम्ही शेवटी सांगू. तत्पूर्वी आपल्या या मागाचे एक नाते समजून घेणे जरूर आहे.

मोटारीच्या आधी माग

टोयोटा हे नाव आज लहान मुलासही ठाऊक आहे. पण या मोटार कंपनीचे मूळ विणकराच्या मागात आहे, हे आपल्या विणकर बांधवांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ मध्ये जपानमधील एका खेड्यात, सुताराच्या घरी झाला. सुतारकाम शिकता शिकता त्यांचे लक्ष हातमागाकडे वळले. १८९१ मध्ये त्यांना सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले. १८९६ मध्ये त्यांनी यंत्रशक्तीवर चालणारा माग बनविला. त्यात अशी योजना होती की बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा.

ही गोष्ट दिसावयास लहान, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. बिघडलेले काम पुढे जाऊ द्यायचे नाही. दोष जिथे झाला तिथेच थांबायचे, बघायचे आणि मग पुढे जायचे. साकिची एका शोधावर थांबले नाहीत. हातमागापासून सुरुवात करून ते एकेक सुधारणा करीत गेले आणि १९२४ मध्ये, म्हणजे पहिल्या पेटंटनंतर तेहतीस वर्षांनी, त्यांचा ‘जी टाइप’ स्वयंचलित माग तयार झाला. तो माग न थांबता धोटा बदलू शके. १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्र कंपनीने या मागाच्या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग शिकविला, त्यानेच एका सुताराच्या मुलाकडून त्याची सुधारणा विकत घेतली! साकिची १९३० मध्ये वारले. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचे काम पुढे नेले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली.

या मोटार कारखान्याची जगप्रसिद्ध कार्यपद्धती बसविणारे ताइइची ओनो हे देखील मूळचे कापडाच्या कारखान्यातलेच. १९३२ मध्ये ते टोयोडांच्या सूत-कापड कंपनीत लागले आणि १९४३ मध्ये मोटारीकडे आले. मागाने जसे धागा तुटताच थांबावे तसे मोटारीच्या कारखान्यातही व्हावे, हा विचार तेथे रुजला. कामगारास दोष दिसला तर त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, वरचा माणूस धावत येतो आणि दोष तेथेच निघाला नाही तर काम थांबते. दोरी ओढणाऱ्यास कोणी रागावत नाही.

१९५० मध्ये एजी टोयोडा अमेरिकेत जाऊन फोर्ड कंपनीचे कारखाने पाहून आले आणि १९५१ मध्ये टोयोटात कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू झाली. एखादे हत्यार हाताशी टांगा, एखादी पेटी थोडी उंच ठेवा, अशा साध्या सूचनांचेही तेथे स्वागत असे. या रोजच्या लहान सुधारणेला जपानी लोक ‘कायझेन’ म्हणतात. ‘काय’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगला. मासाआकी इमाई यांच्या १९८६ मधील इंग्रजी पुस्तकाने हा शब्द जगभर नेला.

पाच वेळा ‘का’

टोयोटात एक साधी रीत पाळली जाते. दोष आढळला की एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारावयाचे. आमच्या सात नंबरला ही रीत लावून पाहा.

कापड का बिघडले? ताण्याचे धागे तुटले म्हणून. धागे का तुटले? धोटा ताण्यात अडकला म्हणून. धोटा का अडकला? पिकर झिजला होता म्हणून. झिजलेला पिकर वेळेवर का बदलला नाही? कोणी तपासला नाही म्हणून. का तपासला नाही? तपासणीचे काम कोणाकडे सोपविलेलेच नव्हते आणि त्याची वेळही ठरलेली नव्हती म्हणून.

वाचकांनी पाहावे, पहिल्या ‘का’जवळ थांबलो असतो तर दोष कारागिराचा ठरत होता. तिसऱ्याजवळ थांबलो असतो तर दोष पिकरचा ठरला असता. नवा पिकर बसविला असता आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच झाले असते. पाचवा ‘का’ मात्र थेट मालकाच्या गल्ल्यापाशी येतो. कदाचित म्हणूनच आपण पाचव्यापर्यंत जात नाही!

आम्ही त्यावर उपाय केला तो अगदी लहान. गुरुवारी माग थांबले की घरी जाण्यापूर्वी जॉबरने बाराही मागांचे पिकर आणि धोटे हाताने चाचपून पाहावयाचे आणि कागदावर खूण करावयाची. काम वीस मिनिटांचे होते. यासाठी नवे यंत्र लागले नाही की कर्ज काढावे लागले नाही.

दहा मिनिटांची किंमत

लहान गोष्टीने काय होणार, असे म्हणणाऱ्या बांधवांसाठी थोडा हिशेब मांडतो. समजा तुमचा माग मिनिटाला १६० पीक टाकतो आणि कापड ५२ पीकचे आहे, म्हणजे एका इंचात बाण्याचे ५२ धागे. एक माग एका पाळीत विनाकारण १० मिनिटे बंद राहिला तर १,६०० पीक बुडाले. ५२ ने भागा. सुमारे ३१ इंच, म्हणजे ७८ सेंटीमीटर कापड गेले. एक मीटरही नाही! कोण लक्ष देतो?

पण माग बारा आहेत आणि पाळ्या दोन. ७८ सेंटीमीटर गुणिले २४ केले की दिवसाचे जवळजवळ पावणेएकोणीस मीटर होतात. वर्षात ३०० दिवस काम धरले तर साडेपाच हजार मीटरांहून अधिक कापड. तुमचा मीटरचा दर तुम्हांस ठाऊक आहे. गुणाकार तुम्हीच करा. ही गळती कोणत्याही बिलावर लिहून येत नाही, म्हणून ती दिसत नाही. विजेचे बिल वाढले की आपण ओरडतो, सुताचा भाव चढला की ओरडतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ही दहा मिनिटे आपल्याच छपराखाली जातात व त्यांची आरडाओरड कोणी करीत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लहान सुधारणेने सुताचा भाव उतरणार नाही, वीजदर कमी होणार नाहीत आणि बिनधोट्याच्या नव्या वेगवान मागांची स्पर्धाही टळणार नाही. त्या लढाया वेगळ्या आहेत आणि त्या एकजुटीनेच लढाव्या लागतील. आमचे म्हणणे इतकेच की जे आपल्या हाती नाही त्याची काळजी करताना, जे हाती आहे ते निसटू देऊ नये.

सवय जडते कशी?

चांगले काम चार दिवस करणारे पुष्कळ असतात. प्रश्न पाचव्या दिवसाचा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. प्रत्येकाने रोजच्या जीवनात एक नवे साधे काम धरावयाचे, जसे जेवताना फळ खाणे किंवा थोडे चालणे. २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासात असे दिसले की काम आपसूक होऊ लागण्यास साधारण ६६ दिवस लागतात. कोणाला १८ दिवस पुरतात, तर कोणाच्या बाबतीत हा हिशेब २५४ दिवसांपर्यंत जातो. दुसरी गोष्ट त्याहून दिलासा देणारी आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले की गाडी रुळावर येते.

यातून आपण दोन धडे घ्यावेत. एक, ‘चाळीस दिवस केले, आता झाले’ असे समजू नये. दोन ते तीन महिने तरी धीर धरावा. दुसरा, एक दिवस राहिला म्हणून कागद फाडून टाकू नये.

सवय टिकण्यासाठी तिला एखादी ठरलेली वेळ हवी. ‘सवड मिळेल तेव्हा करू’ म्हटलेले काम कधी होत नाही. ‘अमुक झाल्याबरोबर तमुक करू’ असे आधीच ठरविले तर ते होते. या बाबतीत आपल्या समाजाजवळ एक मोठी देणगी आहे. पाच वेळच्या नमाजने आपला दिवस आधीच बांधलेला आहे. असरच्या नमाजहून परतलो की गल्ला मोजण्याआधी दिवसाची उधारी लिहावयाची. फजरनंतर दुकान उघडताच पहिली पाच मिनिटे हत्यारे जागेवर लावावयाची. अशी गाठ बांधली तर वेगळे स्मरण ठेवावे लागत नाही. अजान हेच स्मरण.

थोडे पण सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, या आशयाची हदीस हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. आपण ती नफिल इबादतीच्या संदर्भात ऐकतो व ते बरोबरच आहे. पण जो माणूस मशिदीत सातत्य शिकतो, त्याने दुकानात आल्यावर ते दाराबाहेर चपलांजवळ का सोडावे?

प्रत्येक धंद्यातील एक काम

आपले सर्वच वाचक विणकर नाहीत. म्हणून इतर धंद्यांसाठी काही सुचवितो. यांतील सर्व करू नयेत. आपल्या धंद्यातील एकच निवडावे.

शिवणकाम करणाऱ्यांसाठी : ईदच्या आधी कपडे वेळेवर न मिळणे ही आपल्या दर्जींबद्दलची जुनी तक्रार. कारागिरी उत्तम असूनही वायदा मोडल्याने गिऱ्हाईक तयार कपड्यांच्या दुकानात जाते. उपाय असा : रोज रात्री मशीन झाकण्यापूर्वी हाती असलेल्या नगांची संख्या आणि दिवसात पूर्ण झालेल्या नगांची संख्या लिहावी. हाती १२० नग असतील आणि रोज ८ निघत असतील, तर पंधरा दिवस भरलेले आहेत. ईदला सोळा दिवस उरले की नवे काम घेणे थांबवावयाचे. नाही म्हणावयास धैर्य लागते, पण चांदरातीला तोंड लपविण्यापेक्षा ते सोपे आहे.

चप्पल, पाकीट व चामड्याचे काम करणाऱ्यांसाठी : दिवसातून किती वेळा ‘आरी कुठे गेली?’ असे विचारले जाते ते एक दिवस मोजावे. नंतर एका फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा खडूने काढावी. संध्याकाळी प्रत्येक हत्यार आपल्या रेषेत गेले की नाही ते दिसते. रिकामी रेषा दिसली की तेव्हाच शोध घ्यावा, सकाळी नव्हे.

किराणा व बेकरीवाल्यांसाठी : रोज फक्त एक फळी. त्या फळीवरील प्रत्येक पुड्याची मुदत बघावयाची, जुना माल पुढे घ्यावयाचा, नवा मागे. दुकानात तीस फळ्या असतील तर महिन्यात सारे दुकान एकदा हाताखालून जाते आणि एकही दिवस दुकान बंद ठेवावे लागत नाही.

उधारीवर माल देणाऱ्या सर्वांसाठी : उधारी त्याच दिवशी लिहावी, मग तो सख्खा भाऊ का असेना. सूरह अल्‌-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हेही तिच्यातच सांगितले आहे. असे असूनही आपल्या बाजारात ‘लिहिले तर त्याला वाईट वाटेल’ म्हणून तोंडी व्यवहार चालतात आणि पुढे तीच दोन कुटुंबे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. वही नको असेल तर आज मोबाइल आहे. दोघांसमोर लिहून लगेच संदेश पाठवावा.

दोन चुका टाळा

आम्ही स्वतः केलेल्या दोन चुका सांगून ठेवतो.

पहिली चूक अतिउत्साहाची. सात नंबरचा दोष सापडल्यावर आमच्या अंगात एवढा जोर आला की आम्ही एकाच आठवड्यात तेलपाण्याचा तक्ता, झाडलोटीचा तक्ता, कांड्यांचा हिशेब, हजेरीची नवी पद्धत असे सारे एकदम सुरू केले. महिन्याभरात सर्व तक्ते धूळ खात पडले. टिकला तो फक्त गुरुवारचा पिकर तपासण्याचा नियम, कारण तो एकच होता, लहान होता आणि त्याची वेळ ठरलेली होती.

दुसरी चूक त्याहून वाईट. काही महिन्यांनी एकदा रागाच्या भरात आम्ही त्याच रेघांच्या कागदावरून एका मुलाला सर्वांसमोर बोललो. दुसऱ्या दिवसापासून रेघा कमी झाल्या. दोष कमी झाला नव्हता, सांगणारे कमी झाले होते! वडिलांनी आम्हांस बाजूला घेऊन म्हटले, “तू आज कागद आंधळा केलास.” त्या मुलाची माफी मागितल्यावर आणि पुष्कळ आठवडे गेल्यावर रेघा पुन्हा खऱ्या येऊ लागल्या. जपान्यांचा दिवा आणि आमचे कॅलेंडरचे पान, दोन्ही एकाच गोष्टीवर चालतात. दोष सांगणाऱ्या माणसास भीती वाटता कामा नये. ही सवय कारागिराच्या आधी मालकाला लावून घ्यावी लागते.

सात नंबरचा उरलेला हिशेब

आता चाचांविषयी. पिकर बदलण्याच्या दोन आठवडे आधीच ते काम सोडून गेले होते. भांडण केले नाही, फक्त एका गुरुवारी पैसे घेतले, सलाम केला आणि शनिवारी आले नाहीत. आम्हांस त्या वेळी बरेच वाटले होते, हे लिहितानाही आज लाज वाटते.

वडिलांनी जुन्या वह्या काढल्या. चाचांच्या नावावर पडलेली प्रत्येक कटौती त्यांनी वेगळ्या कागदावर उतरविली. कोणता डाग सात नंबरचा आणि कोणता दुसऱ्या मागाचा, हे शोधण्याचा आम्ही प्रयत्न करू लागलो तेव्हा त्यांनी थांबविले. म्हणाले, “आपण कापताना एवढे बारीक पाहिले होते का?” सारी रक्कम त्यांनी परत द्यावयाची ठरविली. कामावरून कोणाला काढले तर त्याची खबर गल्लीत लगेच पसरते. पण निघून गेलेल्या कारागिराचे घर शोधावयास आम्हांस तीन दिवस लागले.

चाचा एका लहान कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करीत होते. मागावरच्या कारागिराला ते काम म्हणजे उतरणच. वडिलांनी सर्वांसमोर त्यांच्या हातात पैसे दिले आणि चूक आमची होती असे सांगितले. चाचांनी नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि खिशात ठेवल्या. काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, “सेठ, सात नंबर आता नीट चालतो ना?”

ते परत आले नाहीत. तेथील मालकाने वागणूक चांगली ठेवली होती, असे ते म्हणाले. त्यानंतर आमच्या कारखान्यात डागी कापडाची कटौती करण्याआधी मागाचा कागद पाहण्याचा नियम झाला आणि हळूहळू ती कटौतीच बंद पडली. तोटा झाला नाही. डागी कापडच कमी होत गेले, कारण दोष सांगणारी बारा पाने आता भिंतीवर होती.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, हा लेख वाचून झाल्यावर फार मोठा संकल्प करू नका. उद्या दुकान किंवा कारखाना उघडल्यावर एक जुने कॅलेंडर शोधा. त्याचे एक पान उलटे करून अशा जागी टांगा की जिथे वारंवार काही बिघडते, हरवते किंवा राहून जाते. सोबत पेन्सिल बांधा. महिनाभर फक्त रेघा ओढा, कोणाला बोलू नका. महिन्यानंतर पान खाली काढून पाच वेळा ‘का’ विचारा आणि पाचव्या उत्तरावर एकच लहान उपाय करा. त्या पानावर कोणाच्या तरी नावाचा चुकीचा हिशेब निघाला, तर तोही येत्या गुरुवारी चुकता करा.